येलदरीचा ॲम्प्लिफायर

सेलूला रेडिओ दुरुस्तीच्या एका दुकानात मी सात वर्षं काम केलं. दुकान स्टेशनच्या रस्त्याला होतं आणि ज्यांचं होतं त्यांना सगळं गाव उस्ताद म्हणायचं, तसा मीही म्हणायचो. सकाळच्या एसटीनं वालूरहून यायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं. घरी शेती होती, थोरला भाऊ ती बघायचा. वडील म्हणायचे, "लोकांचे डबे उघडून बसण्यापरीस रानात ये." पण मला ते डबेच आवडायचे. बंद पडलेला रेडिओ पाठीमागून उघडावा, सोल्डरिंगची कांडी तापवावी, आणि अर्ध्या तासानं त्यातून बातम्या सुरू व्हाव्यात, यासारखं सुख मला दुसरं माहीत नव्हतं. वालूरात लोक मला रेडिओवाला म्हणायला लागले होते. मी हुशार आहे असं मला वाटायचं, आणि ते खोटं नव्हतं.

फक्त एक गोष्ट मला सलायची. एखादा सेट माझ्याकडूनही होत नाही आणि दुकानात बसून उस्तादांकडूनही होत नाही असं दिसलं, की ते तो फडक्यात गुंडाळून सायकलवर बांधून घरी न्यायचे. चार-पाच दिवसांनी सेट दुरुस्त होऊन परत यायचा.

"काय होतं उस्ताद?" मी विचारायचो.

"हो गया ना बेटा," एवढंच ते म्हणायचे आणि चहा मागवायचे.

मला वाटायचं, शेवटची खुबी ते माझ्यापासून लपवून ठेवतात. त्यांच्या घरी एक जाड वही आहे हेही मला ठाऊक होतं. एकदा दुकानात विसरली होती तेव्हा मी ती चाळली. आकृत्या कळल्या, पण भोवती लिहिलेलं सगळं उर्दूत. मी पानं उलटसुलट करून पाहिली आणि तशीच ठेवून दिली. त्या वहीचा मला इतका हेवा वाटला की दोन दिवस मी उस्तादांशी नीट बोललो नाही.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट असेल. एका दुपारी दुकानापुढे जीप थांबली. येलदरी धरणाच्या पॉवर हाऊसवरचे एक इंजिनिअर साहेब उतरले. पुण्याकडचे, पस्तिशीच्या आतले, बोलणं अगदी मऊ. ड्रायव्हरनं मागून एक काळी पेटी आणून काउंटरवर ठेवली. गिटारचा ॲम्प्लिफायर होता तो. पेटीला काळं रेक्झिन, कोपऱ्यांना पत्रे, समोर जाळी. व्हॉल्व्हचा नव्हे, ट्रान्झिस्टरचा, पण ते ट्रान्झिस्टरही जुन्या काळातले, गोल टोप्यांचे. साहेबांच्या मोठ्या भावानं कॉलेजात असताना तो कुणाकडून तरी जुना घेतला होता.

"याला एकच आजार आहे," साहेब म्हणाले. "ऐका."

त्यांनी गिटारही आणली होती. वायर लावून बटन दाबलं तसं आतून 'घुंऽऽ' सुरू झालं. साहेबांनी तारा छेडल्या. इतक्या जवळून इलेक्ट्रिक गिटार मी तोवर ऐकली नव्हती. रस्त्यावरची माणसं दुकानाशी जमली. साहेब वाजवायचे तेव्हा तो घूं आवाज मागे सरकायचा, हात थांबला की पुन्हा पुढे यायचा. त्यांच्या बोटांकडे बघता बघता मला माझ्या बोटांची लाज वाटली. सोल्डरिंगनं पोळलेली, काळी पडलेली. ह्या माणसाला नोकरी आहे, जीप आहे, आणि वर हेही येतं!

"आधीच्या बदलीच्या गावी याचा ट्रान्सफॉर्मर जळला," ते म्हणाले. "एकानं दुसरा बसवून दिला. तेव्हापासून हे असं. पुढच्या महिन्यात आमच्या कॉलनीचं स्नेहसंमेलन आहे. होईल का?"

उस्तादांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "होईल साहेब. सोडून जा."

ॲम्प्लिफायर घुमतो म्हटलं की आधी मोठे कंडेन्सर बघायचे, हे मला पाठ होतं. एसीचं डीसी झाल्यावर जी लाट शिल्लक राहते ती ते पोटात घेतात, म्हातारे झाले की त्यांच्यानं होत नाही. मी दोन्ही बदलले. आवाज निम्मा झाला. मला वाटलं, जिंकलो. पण राहिलेला निम्मा काही जाईना. डायोड बदलले. एकेक सांधा पुन्हा सोल्डर केला. पेटीला जाड तार बांधून ती जमिनीत पुरलेल्या पाइपाला नेऊन लावली. आठ दिवस झाले तरी घूं चालूच. उस्ताद लांबून बघायचे आणि आपल्या कामाला लागायचे. आता हे फडकं आणणार, या भीतीनं मी दुपारचं जेवणसुद्धा त्या पेटीशेजारी बसून करायचो.

ते दिवस नामांतराच्या आंदोलनाचे. विद्यापीठाला नाव द्या म्हणणाऱ्यांचा एक दिवस बंद, देऊ नका म्हणणाऱ्यांचा दुसऱ्या दिवशी. अशाच एका दुपारी बाजारात धडाधड शटर पडायला लागली. परभणीच्या रस्त्याला एसटीवर दगड पडले म्हणून गाड्या बंद झाल्याचं कळलं. मी सायकल मागून वालूर गाठलं असतं, पण उस्तादांनी जाऊ दिलं नाही.

"वाटंत कोण कुणाला काय विचारंल सांगता येत न्हाई. माझ्या घरी ऱ्हा. आन् ही पेटी बी घे. परक्याची चीज हाय, दुकानात नको."

अशा रीतीनं ती पेटी सायकलच्या कॅरिअरवर बांधून, एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं उस्ताद धरून, आम्ही त्यांच्या घरी नेली. मी तीन दिवस तिथं राहिलो.

उस्तादांच्या घरात ते, चाची आणि त्यांची मुलगी. मुलगी माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. सासरहून परत आली होती, का ते घरात कुणी बोलत नसे. मी तिला आपा म्हणायचो. दुकानात डबा यायचा तो तिच्या हातचा असायचा, आणि ती घरी बसून ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळते एवढं मला माहीत होतं. बायका घरी शेवया करतात तसंच हे काहीतरी, असं मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद मशिदीत गेले होते. मी पुढच्या खोलीत पेटी उघडून, चालू ठेवून बसलो होतो. आत पडद्यापलीकडे गुंडाळायच्या यंत्राची गरगर चालू होती. ती थांबली आणि आपाचा आवाज आला.

"भैया, आवाजाचं बटन शून्यावर ने की."

"त्यानं काय होतंय?"

"ने तर खरं."

मी नेलं. घूं जवळजवळ गेलाच.

"आता वाढव."

वाढवलं. तो परत आला.

"मंग तुझे कंडेन्सर ठीक हायत," ती म्हणाली. "तिथली खोट असती तर बटन कुठं बी ठेवलं तरी घुमलं असतं. हे बटनाच्या आधीपासून यायलंय. गिटार लागती तिथल्या पुढच्या बारीक कामात कुठून तरी शिरायलंय."

माझे कान तापले. आठ दिवस मी त्या पेटीला लटकून होतो, आणि बटन शून्यावर नेऊन बघायचं एकदाही सुचलं नव्हतं. पोराटोरांनाही सुचावं असं ते होतं.

आपा ओढणी सारखी करत बाहेर आली आणि पेटीपुढे बसली. तिनं आत पाहिलं, मग ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांवर बोट टेकवलं.

"ह्यो कुणी बसवला?"

"साहेबांच्या आधीच्या गावी कुणीतरी."

"आडवा बसवलाय. जागा पुरंना म्हणून. त्याचं तोंड सरळ ह्या पुढच्या तारांकडं झालंय. पेचकस दे."

तिनं लाईट बंद करून स्क्रू काढले. मग ट्रान्सफॉर्मर सुक्या फडक्यात धरून मला लाईट लावायला सांगितलं. घूं सुरू झाला. ती ट्रान्सफॉर्मर हळूहळू फिरवायला लागली. आवाज आधी वाढला. मग उतरायला लागला, उतरत उतरत एका ठिकाणी गप्प झाला. स्पीकरची बारीक सळसळ तेवढी राहिली. ती आणखी थोडं पुढे गेली तर परत आला. मागे आली तर परत गेला. पाव वळसा, जास्त नाही.

"हितं," ती म्हणाली. "भोकं पाड."

मी पत्र्याला नवी भोकं पाडली. त्या सगळ्या दुरुस्तीत शेवटी माझं काम एवढंच.

उस्ताद परत आले तेव्हा पेटी बंद करून ठेवली होती. त्यांनी पेटीकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

"कळलं तुला," ते म्हणाले.

"घरी आणलेले सगळे सेट आपानं केलेत?"

"सगळे न्हाई. लय अवघड असत्यात ते." ते खाली बसले. "बेटा, बाहेर बोलू नको. बाईनं केलंय म्हटलं की लोक सेट आणायचे बंद होतील. जमाना तसा हाय."

मी मान हलवली. पण माझ्या मनात जे चाललं होतं त्यात जमान्याचा काही संबंध नव्हता. इतकी वर्षं मी उस्तादांचा हेवा करत होतो, आणि तो चुकीच्या माणसाचा केला होता. ती बाई एसटीच्या फुटबोर्डावर लटकून येत नव्हती, गिऱ्हाइकांच्या शिव्या खात नव्हती. आठव्या वर्षापासून बापाच्या मांडीशी बसून शिकली होती, आणि मला मात्र 'हो गया ना बेटा'. उरलेले दोन दिवस मी तिच्यात काहीतरी कमी शोधत होतो. आकृती वाचता येत नसेल, असं मी मनाशी ठरवलं. संध्याकाळी चहा घेऊन आत डोकावलो तर तीच जाड वही तिच्यापुढे उघडी होती आणि ती तिच्यात लिहीत होती. निम्मी वही तिच्याच अक्षरातली होती.

गाड्या सुरू झाल्या, मी घरी गेलो, दुकान उघडलं. आठवड्यानं साहेब आले. पेटी लावून दाखवली. गिटार वाजवता वाजवता ते मध्येच थांबले आणि कान देऊन ऐकलं. आवाज नव्हताच.

"कमाल आहे! तीन गावांत दाखवला होता मी. कुणी केलं हे?"

उस्ताद रस्त्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मी."

उस्तादांची मान किंचित हलली. खरं काय ते सांगू शकत नव्हते. त्यांनीच मला गप्प राहायला सांगितलं होतं, आणि मी त्याचा असा उपयोग करून घेतला. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आमच्या रंगीत तालमीला या तुम्ही. पॉवर हाऊस आतून दाखवतो."

मला येलदरीचं पॉवर हाऊस बघायची किती इच्छा होती ते सांगून कळणार नाही. विजेचं काम करणाऱ्या माणसाला ती जिथं तयार होते ती जागा बघायची असते. शिवाय एक साहेब ओळखीचा झाला तर तिथं चिकटता येईल, हाही विचार होताच. तालमीच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून जिंतूरवरून येलदरीला गेलो. साहेबांनी मला कॉलनीच्या हॉलमध्ये पुढच्या खुर्चीवर बसवलं, दोघाचौघांना सांगितलं, "हे सेलूचे, यांनीच केला." मी हात जोडले.

साहेब स्टेजवर गेले, गिटार गळ्यात घातली, वायर लावली आणि 'घुंऽऽ' सुरू झालं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्टेजवर चढून पेटी उघडली. ट्रान्सफॉर्मर जागच्या जागी होता, माझ्या भोकांत, घट्ट. बटन शून्यावर नेलं, आवाज गेला. वाढवलं, आला. एवढं मला आता येत होतं, त्यापुढचं येत नव्हतं. मी उगीच एक-दोन सांधे दाबून पाहिले. शर्ट पाठीला चिकटला. एक लहान मुलगी म्हणाली, "काका, वाजवा ना," आणि बायका हसल्या.

"अहो, तुमच्याकडे तर गप्प होता," साहेब म्हणाले. त्यात राग नव्हता, आणि तेच मला लागलं.

तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते आजही जसंच्या तसं आठवतं.

"साहेब, मी बरोबर केलं होतं. मधी उस्तादांच्या घरी पेटी नेली होती, तिथं त्यांच्या मुलीनं हात लावला. ट्रान्सफॉर्मर फिरवून ठेवला तिनं. बायामाणसाला काय कळतंय त्यातलं."

"फिरवून ठेवला? म्हणजे?"

"स्क्रू काढून जरा वळवला. म्हणाली, त्यानं आवाज जातो."

साहेब विजेचे इंजिनिअर होते. त्यांनी गिटार गळ्यातून काढली.

"आणि गेला?"

खोटं बोलायला वेळच मिळाला नाही. "गेला," मी म्हणालो.

"आधी बसवलेला कसा होता?"

"आडवा."

साहेबांनी एका कागदावर चार ओळी लिहिल्या, ड्रायव्हरला हाक मारली आणि उस्तादांचा पत्ता मलाच त्याला समजावून सांगायला लावला.

जीप जाऊन यायला तीन तास लागले. मी निघून जाऊ शकलो असतो, जिंतूरची एक गाडी समोरून गेलीसुद्धा. मी थांबलो. ती येणार नाही, उस्ताद पाठवणार नाहीत, असं आधी वाटत होतं. मग वाटायला लागलं की ती यावीच, आणि एवढ्या माणसांसमोर तिलाही जमू नये. ती पेटी उघडते आहे, घाम पुसते आहे, आणि शेवटी ओढणी सावरत 'न्हाई जमत साहेब' म्हणते आहे, असं मी पुन्हा पुन्हा मनात बघत होतो. त्यात मला बरं वाटत होतं.

ती आली. बुरखा घालून, चेहरा उघडा. मागे उस्ताद, ईदेला घालायचा पांढरा झब्बा घालून. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. आपानं पेटीला हातही लावला नाही. तिनं साहेबांना गिटार गळ्यात घालायला सांगितलं.

"साहेब, जरा वळा. हिकडं. अजून जरा."

साहेब वळले. आवाज उतरला. आणखी वळले तर परत चढला. साहेब गिटारकडे बघून हसायला लागले, त्यांना कळलं होतं. मला कळलं नव्हतं.

"पेटी ठीक हाय," आपा म्हणाली. "गिटारमधी बी तारंचं वेटोळं असतंय ना? ते ऐकायलंय." तिनं स्टेजच्या मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं ट्यूबलाईटांची रांग होती, प्रत्येकीला तिचा चोक. "चोक म्हंजे काय, त्यात बी वेटोळंच. आमच्या दुकानात बल्ब हाय. म्हणून तिथं गप्प होतं. ह्या बंद करा बरं."

ट्यूबा बंद झाल्या. बाहेर लख्ख ऊन होतं, हॉलमध्ये पुरेसा उजेड राहिला. आणि ॲम्प्लिफायर गप्प. साहेबांनी एक तार छेडली, ती शेवटपर्यंत स्वच्छ ऐकू आली. पुढच्या खुर्च्यांवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, ज्या मघाशी मला हसल्या होत्या त्यांनीच. उस्ताद दाराशी उभे होते. त्यांनी झब्ब्याच्या बाहीनं डोळे पुसले. मलाही त्यांनी शिकवलं होतं, पण माझ्या कामावर त्यांचे डोळे कधी भरून आले नव्हते.

तालीम संपल्यावर साहेब आपाला म्हणाले, "ताई, पॉवर हाऊस बघणार?"

आत जायला पास लागायचा. दोघांचा मिळाला. साहेब माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तुम्हाला पुन्हा कधी." मी म्हणालो, "काही हरकत नाही साहेब," आणि बाहेर पॉवर हाऊसच्या भिंतीशी जाऊन बसलो. खाली धरणाच्या पाण्यात भोई जाळं ओढत होते. भिंतीला टेकलं की आतल्या यंत्रांची घरघर पाठीत जाणवायची. तिथं, माझ्यापासून शंभर पावलांवर, उस्तादांची मुलगी ते सगळं बघत होती. इतका हेवा मी त्याआधी कुणाचा केला नव्हता, आणि नंतरही नाही. एकदा तर मनात आलं, गेटवरच्या माणसाला सांगावं की ही बाई पासाशिवाय आत गेली आहे. मी उठलोही. पास होता हे आठवून परत बसलो.

परतताना जीपमध्ये उस्ताद पुढे बसले. मागे मी आणि आपा, मध्ये तिची पिशवी. जिंतूर मागे पडलं. मग तिनंच सुरू केलं.

"साहेबानं सांगितलं मला, तू काय म्हणालास ते."

खड्ड्यात जीप आदळली, मी तिची पिशवी सावरून धरली.

"बायामाणसाला काय कळतंय म्हणालास."

"आपा, मी..."

"ऱ्हाऊ दे. तू माझं चांगलं सांगितलं असतंस तर जीप आली नसती. साहेब म्हणाले असते, बरं, आणि संपलं असतं." ती थांबली. "मी बारा वर्सांत पहिल्यांदा सेलूच्या बाहेर आले. अब्बांनी कधी आणलं नसतं. म्हणून तुला काय बोलावं ते मला सुचंना."

तिनं मला चांगलं झापलं असतं तर मी मोकळा झालो असतो. तेही तिनं केलं नाही.

उस्तादांची भीती खरी ठरली नाही. थोडी गिऱ्हाइकं कुजबुजली, एक-दोघांनी सेट परत नेले. पण कॉलनीतून पंखे आणि पाण्याच्या मोटारी वायंडिंगला यायला लागल्या, चिठ्ठीवर 'सेलूच्या ताईंकडे' असं लिहून. मग बाजारातलेही यायला लागले. उस्तादांनी दुकानात आतल्या बाजूला तिच्यासाठी टेबल मांडलं, अर्धा पडदा लावला. मी बाहेर बसायचो. कुठला सेट तिच्याकडे जातो आणि कुठला माझ्याकडे, यावर माझं बारीक लक्ष असायचं. तिच्याकडे सोपा गेला तरी मला राग यायचा, अवघड गेला तरी यायचा.

एके दिवशी मी स्वतःच तिला म्हणालो, "आपा, ती वही मला वाचून दाखवता का?" हे बोलायला मला सहा महिने लागले. ती दुपारी काम थांबवून वाचायची, मी मराठीत उतरवून घ्यायचो. कुठं शब्द अडला तर ती हातानं वेटोळं करून दाखवायची. मी खूप शिकलो. तिच्यासारखा कान मात्र आला नाही. ती रेडिओ नुसता ऐकून सांगायची, मला मीटर लावावा लागायचा. येलदरीच्या बोलण्याबद्दल मी माफी मागायची ठरवून अनेकदा पडद्यापर्यंत गेलो, आणि दर वेळी काहीतरी कामाचंच विचारून परत आलो. दोन वर्षांनी मी वालूरात स्वतःचं दुकान टाकलं. लोकांना सांगितलं, रोजचा प्रवास झेपत नाही.

टीव्ही आले आणि माझं बरं चाललं. टीव्हीत मी चांगला होतो. उस्ताद गेले तेव्हा मी मातीला गेलो होतो. पुढे दुकान आपानंच चालवलं. मला ट्रान्सफॉर्मर गुंडाळून हवा असला की तिच्याकडेच पाठवावा लागायचा, आणि तो आला की मी त्याचे फेरे, त्याचे कागद, त्याचं वार्निश सगळं खोट काढायच्या नजरेनं तपासायचो. खोट सापडायची नाही.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या हिवाळ्यात आमच्याच गावचा एक माणूस टीव्ही घेऊन माझ्याकडे आला. तो आधी सेलूला जाऊन आला होता. टीव्हीला दोरीनं एक चिठ्ठी बांधली होती. आपाचं मराठी अक्षर, मोठं मोठं, वाकडं. 'चित्र येत नाही. मला जमलं नाही. तू बघ.'

ती चिठ्ठी मी दोनदा वाचली, मग त्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवली. त्याला चहा पाजला. आणि सेट उघडला. मागच्या पट्टीवर एक सांधा तडकलेला होता. बारीक, पण भिंगाखाली धरला की दिसेल असा. मला तो सापडायला अर्धा तास लागला. सांधा जोडला, चित्र आलं, माणूस खूश झाला.

तो गेल्यावर मी विचार करत बसलो. हा सांधा तिला दिसला नसेल? की दिसला, आणि तिनं मुद्दाम मला पाठवला? वालूरच्या माणसाचं काम वालूरात व्हावं, माझं नाव व्हावं म्हणून? तिला खरंच जमलं नसेल तर आनंद व्हायला हवा होता. आणि तिनं माझ्यासाठी पाठवला असेल तर तिचे आभार मानायला हवे होते. दोन्हींपैकी मला काहीच करता येईना. एखाद्याला आपलं काम असं सहज देऊन टाकता येतं, याचाही मला तिचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी सेलूला जाणाऱ्या एकाजवळ मी चिठ्ठी दिली. 'झालं. चित्र आलं' एवढं लिहिलं. काय होतं ते मात्र लिहिलं नाही.